इंग्रजी कशाला घेतलीस?

घरातील काही प्रश्न एकाला विचारलेले असतात. परंतु त्यांचे उत्तर द्यायची पाळी दुसऱ्यावर येते. माझ्या लेकीला विचारलेला एक प्रश्न असाच चालत माझ्यापर्यंत आला. २०२२ साली ती बारावी उत्तीर्ण झाली आणि पदवीसाठी तिने इंग्रजी साहित्य हा विषय निवडला. प्रवेशाचा अर्ज भरून झाला, शुल्क भरले गेले, आणि मग घरात तो प्रश्न उमटू लागला, "इंग्रजी कशाला घेतलीस?"

आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. गायकवाडांच्या काळापासून या भागात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. घरात मराठी, दारात गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि शाळेच्या दप्तरात इंग्रजी, अशा चार भाषांत आमच्याकडची मुले वाढतात. त्यांतली कोणती आपली आणि कोणती परकी, हे त्यांना कोणी सांगेपर्यंत ठाऊकही नसते. मी मात्र इथली नव्हे. मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी वाढले, मराठी घेऊन एम. ए. झाले आणि लग्नानंतर इकडे आले. माझे वडील, अण्णा, त्या गावच्या शाळेत चौतीस वर्षे मराठी शिकवीत होते. आई गेल्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. येताना कपड्यांची एक पेटी आणि पुस्तकांच्या तीन पेट्या घेऊन आले.

त्या वर्षी गणपतीत घर पाहुण्यांनी भरले होते. आरती झाली, मोदकांची ताटे फिरली आणि माझ्या धाकट्या दिरांनी विषय काढला. ते अभियंता आहेत. हिशेबी आणि मनाने प्रेमळ. "वहिनी," ते म्हणाले, "इंग्रजी हल्ली सगळ्यांनाच येते. जे येतेच, ते शिकण्यात तीन वर्षे कशाला घालवायची? पुढे नोकरीचे काय?"

मी काही बोलण्यापूर्वीच कोपऱ्यातल्या खुर्चीतून अण्णांचा आवाज आला. त्यांची तक्रार अगदी उलट टोकाची होती. "मी मराठीचा मास्तर, हिची आई मराठीची एम. ए. आणि नात इंग्रजीची पदवी घेणार! माझ्या त्या तीन पेट्या उद्या कोण उघडणार?"

एकाच्या मते इंग्रजी इतकी आपली झाली होती की ती वेगळी शिकण्याचे कारणच नव्हते; दुसऱ्याच्या मते ती इतकी परकी होती की तिच्या वाटेला जाऊ नये. लेक दोघांकडे पाहत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी मोदकांचे ताट उचलले आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

मी का उठून गेले, हे सांगण्यासाठी मला बरेच मागे जावे लागेल. १९८८ साली मी महाविद्यालयात गेले. शाळेत इंग्रजीत मला चांगले गुण मिळत. इंग्रजी कविता वाचायला आवडत. पहिल्याच महिन्यात इंग्रजीच्या तासाला एक उतारा मोठ्याने वाचण्याची माझी पाळी आली. त्यात 'कर्नल' हा शब्द होता. तो लिहितात एका तऱ्हेने आणि उच्चारतात दुसऱ्याच तऱ्हेने, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. लिहिला होता तसा मी तो वाचला, 'कोलोनेल'. वर्ग हसला. शिकवणारेही हसले. पुढचे काही महिने मागच्या बाकांवरून मला त्याच नावाने हाक येई. त्यानंतर त्या तासाला मी तोंड उघडले नाही. विशेष विषय निवडण्याची वेळ आली तेव्हा मी मराठी घेतली. घरी येऊन अण्णांना सांगितले, "मातृभाषेचीच सेवा करायची." अण्णांचे डोळे भरून आले होते.

मराठीवर माझे प्रेम होते आणि आहे. तिने मला उपजीविका दिली, मान दिला, जग पाहण्याची दृष्टी दिली. ती निवड चुकली असे मला कधी वाटले नाही. परंतु ती पूर्णपणे प्रेमाची निवड नव्हती. तिच्यात एका हशाची भीती होती आणि त्या भीतीवर मी मातृभाषेच्या अभिमानाचे पांघरूण घातले होते. पस्तीस वर्षे ते पांघरूण तसेच होते. लेकीने इंग्रजी घेतली तेव्हा मला सर्वांत आधी जे वाटले ते कौतुकही नव्हते आणि काळजीही नव्हती; ती असूया होती. ज्या दारातून मी परत फिरले, त्या दारातून ती सहज आत गेली होती.

गणपतीचे पाहुणे गेले. रात्री अण्णा पडवीत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन ती जुनी हकिकत सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तेव्हाच का सांगितले नाहीस?"

"तुम्हांला आनंद झाला होता, अण्णा."

"तो आनंद मला उसना मिळाला होता म्हणायचा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पण दुखावलेपण होते. ते मला आजही आठवते. त्यांना उत्तर देणे त्या रात्रीपासून मला आवश्यक वाटू लागले. लेकीची बाजू मांडताना मी माझीही बाजू तपासून पाहू लागले.

प्रथम दिरांचा प्रश्न घेते. इंग्रजी येणे आणि इंग्रजीचा अभ्यास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या सर्वांना मराठी येते, म्हणून मराठीत एम. ए. करणारा माणूस वेळ फुकट घालवतो असे आपण म्हणत नाही. भाषा येते तेव्हा आपण तिच्यातून बोलतो. तिचा अभ्यास करतो तेव्हा ती आपल्याकडून काय बोलवून घेते हे पाहू लागतो. अर्ज लिहिणे, मुलाखत देणे, यंत्राची माहितीपुस्तिका वाचणे यांसाठी लागणारे इंग्रजी काही महिन्यांच्या वर्गातही शिकता येते. एखादे वाक्य खरे वाटत असूनही फसवे का आहे, लेखकाने काय सांगितले आणि काय लपवले, एका शतकाला जे सुंदर वाटले ते दुसऱ्याला पोकळ का वाटले, हे ओळखण्यास मात्र वर्षे लागतात. अध्यापन, पत्रकारिता, प्रकाशन, अनुवाद, प्रशासन या सर्व क्षेत्रांत ती ओळख उपयोगी पडते. नोकरीची हमी तिच्यामुळे मिळते असे मी दिरांना सांगितले नाही. तशी हमी आज कोणत्याच पदवीला देता येत नाही. हे त्यांनाही मान्य झाले.

अण्णांचा प्रश्न अधिक कठीण होता, कारण त्यात इतिहास होता. इंग्रजी या देशात केवळ पाहुणी म्हणून आली नाही. ती सत्तेबरोबर आली. १८३५ साली मेकॉलेने आपले शिक्षणविषयक टिपण लिहिले तेव्हा या देशातील भाषांबद्दल आणि विद्यांबद्दल त्याला किती अनादर होता, हे सर्वांना माहीत आहे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला १८९४ साल उजाडले. आपल्याकडील विद्यार्थी त्याच्या कितीतरी आधीपासून शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्यावरील प्रश्नांची उत्तरे लिहीत होते. राज्यकर्त्यांनी आपले साहित्य स्वतःच्या मुलांआधी आपल्या मुलांना शिकवले, ते निव्वळ रसिकतेपोटी खास नव्हते. आजही इंग्रजी माध्यमाच्या ओढीने मराठी शाळांचे वर्ग ओस पडतात. अण्णांना वाटणारी भीती निराधार नाही.

तथापि देणाऱ्याचा हेतू एक असतो आणि घेणाऱ्याचा उपयोग दुसरा असू शकतो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापलेले असत. मराठी वृत्तपत्राचा जन्मच असा दोन भाषांच्या मांडीवर झाला. जोतीराव फुल्यांनी थॉमस पेन वाचला आणि माणसाच्या हक्कांचा विचार आपल्या समाजाला लावून पाहिला. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. सावित्रीबाईंच्या 'काव्यफुले' या १८५४ सालच्या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. ज्यांना संस्कृतची दारे बंद होती, त्यांना इंग्रजीचे दार उघडे दिसले. त्या दारावर कोणाची पाटी आहे याची चौकशी करत बसणे त्यांना परवडणारे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले बहुतेक विद्वत्तापूर्ण ग्रंथ इंग्रजीत लिहिले. पण आपल्या माणसांशी बोलायचे होते तेव्हा १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' ही पत्रे मराठीत काढली. कोणत्या वेळी कोणती भाषा हाती घ्यायची हे त्यांना नेमके ठाऊक होते.

मराठीचा अभिमान ज्यांनी आपल्याला शिकवला, ते विष्णुशास्त्री चिपळूणकर पाहा. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. निबंधाची ही घडण त्यांना इंग्रजी निबंधकारांच्या वाचनातून सापडली होती. जॉन्सनच्या 'रासेलस'चे मराठी भाषांतर त्यांचे वडील कृष्णशास्त्री आणि ते अशा दोघांच्या हातून झाले. तुम्ही आत्ता वाचत असलेला लेखनप्रकारही त्याच वाटेने आपल्याकडे आला आहे. पुढे बा. सी. मर्ढेकरांनी इंग्रजी शिकवले आणि मराठी कवितेला नवे वळण दिले. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि शेक्सपिअरचा 'राजा लिअर' मराठीत आणला आणि ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव'ही आजच्या मराठीत उतरवला. आमच्या खानदेशातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे अनेक वर्षे इंग्रजी शिकवीत राहिले आणि तरीही देशीयतेचा सर्वांत ठाम आग्रह त्यांनीच धरला. आमच्या वडोदऱ्याचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी यांनी १९९६ साली 'भाषा' ही संस्था उभारली आणि पुढे देशभरातील भाषांचे लोकसर्वेक्षण घडवून आणले. लिपी नसलेल्या आदिवासी भाषांची नोंद घ्यायला एक इंग्रजीचा प्राध्यापक निघाला, हे मला फार बोलके वाटते.

ही सारी नावे मी अण्णांपुढे एकेक करून ठेवली. ती त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होती. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ही मोठी माणसे. त्यांची मराठी आधी पक्की होती. तुझ्या लेकीला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही."

हे मात्र खरे होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर अखेर लेकीनेच दिले, आणि तेही वाद न घालता.

दुसऱ्या वर्षी तिला 'किंग लिअर' अभ्यासाला होते. एके दिवशी ती पुस्तक घेऊन अण्णांकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, 'नटसम्राट' यावरूनच सुचले ना?" अण्णा सरसावून बसले. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग १९७० च्या डिसेंबरात झाला. पुढे डॉ. श्रीराम लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर पाहण्यासाठी अण्णा रात्रीची एस. टी. पकडून जळगावला गेले होते. ती गोष्ट आम्ही अनेकदा ऐकली आहे. वर्गात त्यातले प्रवेश वाचून दाखवताना त्यांचा कंठ दाटून येई. परंतु मूळ 'लिअर' त्यांनी कधी पूर्ण वाचले नव्हते. तिने त्यांना कथा सांगितली. राज्य मुलींत वाटून टाकणारा म्हातारा राजा. तोंडपुज्या दोन मुली. खरे बोलल्यामुळे हाकलली गेलेली धाकटी कॉर्डेलिया. वादळी रात्र आणि शेवटी बापासाठी परत आलेली तीच धाकटी. मग ती एकदम थांबली आणि तिने विचारले, "आजोबा, पण 'नटसम्राट'मध्ये कॉर्डेलिया कुठे गेली?"

अण्णा गप्प झाले. इतकी वर्षे ते नाटक शिकवले, पाठ झाले. पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. पडणार तरी कसा? तो दोन्ही नाटके शेजारी ठेवल्यावरच पडू शकतो. बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी आहे. दोघांच्याही घरी त्यांचा मान उरत नाही. प्रेम करणारे तिसरे अपत्य कुसुमाग्रजांनी त्यांना दिलेलेच नाही.

पुढचे चार दिवस आजोबा आणि नात दुसरे काही बोलत नव्हते. तिने मध्यवर्ती ग्रंथालयातून विंदांचा 'राजा लिअर' आणला आणि रोज संध्याकाळी एक अंक त्यांना वाचून दाखवला. वाचताना ती जोडाक्षरांवर अडखळे. अण्णा डोळे मिटूनच शब्द सुधारून देत. ती चुकली तरी ते हसले नाहीत. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ते हसले नाहीत, हे माझ्या विशेष लक्षात राहिले.

चौथ्या दिवशी अण्णांना उत्तर सापडले. "तो बूट-पॉलिशवाला पोरगा, राजा," ते म्हणाले. "घरची मुले परकी झाली आणि रस्त्यावरचा पोर आपला झाला. कॉर्डेलियाचे काम कुसुमाग्रजांनी त्याच्याकडे दिले. रक्ताच्या नात्यावरचा विश्वासच त्यांनी काढून घेतला." नात म्हणाली, "आणि लिअरला बायको नाही, आजोबा. तिथे त्याच्या दुःखात कोणी भागीदार नाही. अप्पासाहेबांना कावेरी आहे. म्हणून ती गेल्यावर ते जेवढे एकटे होतात, तेवढा लिअरही झालेला दिसत नाही." अण्णांनी तिच्याकडे पाहिले. चौतीस वर्षांत असा विद्यार्थी किती वेळा मिळाला असेल, याचा हिशेब ते मनात करत असावेत.

तिसऱ्या वर्षी तिला अनुवादाचा एक पाठ होता. मराठीतील एक लहान कथा इंग्रजीत न्यायची होती. इंग्रजीत आपला हात सफाईने चालतो असे तिला वाटत होते. पण पहिल्याच पानावर ती अडली. 'माहेर' या शब्दाला इंग्रजीत एक शब्द सापडेना. 'उष्टे' म्हणजे नुसते उरलेले अन्न नव्हे. 'सोवळे' म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे. कथेतील बाई नवऱ्याला 'अहो' अशी हाक मारत होती. त्या दोन अक्षरांतला आदर, जवळीक आणि नाव न घेण्याचा संकोच कोणत्या इंग्रजी शब्दात भरायचा? 'तू' आणि 'तुम्ही' यांतील अंतर तर इंग्रजीत मावतच नव्हते. तोपर्यंत हे शब्द तिच्यासाठी घरातल्या भांड्यांसारखे होते. रोज वापरायचे, पण कधी निरखून न पाहिलेले. दुसऱ्या भाषेच्या उंबरठ्यावर ते अडले, तेव्हा त्यांचे वजन तिला प्रथमच कळले. मी तिला लहानपणापासून मराठीचे महत्त्व सांगत आले होते. माझ्या सांगण्याने जे झाले नाही, ते एका अडलेल्या शब्दाने झाले.

ती अण्णांकडे गेली. अण्णांनी तिसरी पेटी उघडायला लावली आणि तळातून एक जाड ग्रंथ काढला. तो मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश होता. १८५७ सालच्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण. जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पंडितांच्या साहाय्याने तो कोश सिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली. "इंग्रजाने मराठी शिकण्यासाठी केला," अण्णा म्हणाले, "आणि गावाकडचे जुने शब्द अडले की मी मराठीचा मास्तर यातच पाहत असे. तू आता उलट बाजूने वाच." 'माहेर' या शब्दाशी त्या इंग्रजालाही एका शब्दात भागवता आलेले नाही, त्यालाही अर्थाची फोड करून सांगावी लागली आहे. ते पाहून लेकीला फार धीर आला.

गेल्या वर्षी, २०२५ साली, ती पदवीधर झाली. दीर आता तिच्या नोकरीची चौकशी करतात आणि ती अजून शोधात आहे, हे मी लपवत नाही. तिच्या मराठी लेखनात अजून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात आणि अण्णा लाल शाईने त्या दाखवतात. पुढे ती मराठीकडे राहील की इंग्रजीच्या मोठ्या बाजारात हरवून जाईल, याची खात्री मला देता येणार नाही. मर्ढेकर आणि विंदा यांची नावे घेऊन प्रत्येक विद्यार्थ्याची वाट सुरक्षित ठरत नाही. पण एवढे मी पाहिले आहे की भाषा शिकल्याने भाषा तुटत नाही. ती तुटते एका भाषेची लाज वाटू लागली म्हणजे, किंवा दुसरीची भीती वाटू लागली म्हणजे. मला इंग्रजीची भीती होती. आज अनेक मुलांना मराठीची लाज वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच हशातून जन्माला येतात. कोणीतरी, कोठेतरी, एका चुकलेल्या शब्दावर हसलेले असते.

या पुस्तकाच्या समितीवर काम करताना मराठीत काय शिकवावे यावर आम्ही तासन् तास चर्चा करतो. हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल, त्यांपैकी कोणी बंगळूरला असेल, कोणी इंदूरला, कोणी दिल्लीला. कोणाची शाळा मध्येच सुटली असेल, कोणी दिवसभर नोकरी करून रात्री वाचत असेल. त्यांच्या कानांवर रोज निरनिराळ्या भाषा पडत असतील. त्यांनी मराठीच घ्यावी किंवा इंग्रजीच घ्यावी, असे मी सांगणार नाही. जी घ्याल ती भीतीने घेऊ नका आणि जी सोडाल ती लाजेने सोडू नका, एवढे मात्र सांगावेसे वाटते.

परवा संध्याकाळी लेक अण्णांजवळ बसून काही वाचत होती. अण्णांनी मला हाक मारली आणि एक इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे धरले. "एक परिच्छेद वाच," ते म्हणाले. मी चष्मा लावला. अडतीस वर्षांनी मी इंग्रजी मोठ्याने वाचत होते. दुसऱ्याच ओळीत एका शब्दाचा उच्चार चुकला. मी थांबले. लेकीने तो शब्द हळूच नीट उच्चारून दाखवला, आणि अण्णा म्हणाले, "हं, पुढे वाच."

मी पुढे वाचू लागले.